विहिरीवरच्या चिकूला रायण लागली

आमच्या विहिरीवरच्या चिकूला यंदा रायण लागली आहे. वाचून कुणाला वाटेल, वैशाखाच्या उन्हाने बाईचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. झाड चिकूचंच आहे, अंगभर खरखरीत तपकिरी चिकू लागलेत, आणि पश्चिमेच्या एका फांदीच्या टोकाला मात्र लिंबोळीएवढी पिवळी फळं लोंबताहेत. रायण, काही लोक जिला खिरणी म्हणतात ती. भलती गोड आणि तितकीच चिकट, चार खाल्ली की ओठ एकमेकांना धरून बसतात. ही इथे कशी आली ते सांगायचं तर रंजनबद्दल सांगावं लागेल, आणि रंजनचा विषय निघाला की माझ्या पोटात दुखायला लागतं. इतक्या वर्षांत ते दुखणं काही गेलेलं नाही.

रंजन माझी धाकटी जाऊ. तलासरीकडच्या एका भातशेती करणाऱ्या घरातून आमच्या मसोलीच्या वाडीत आली. सडसडीत, हसरी, आणि हातातलं काम संपल्याशिवाय खाली न बसणारी. तिच्या तोंडी एक वाक्य होतं, अजूनही आहे: "करून टाकते." भांडी पडलीत, करून टाकते. चिकूच्या पाट्या धुवायच्यात, करून टाकते. माझं वाक्य त्या घरात आधीच राहायला आलेलं होतं: "करते ना, बघू जरा." दोघींची वाक्यं एकाच स्वयंपाकघरात नांदत होती. सासूबाई दोन्ही ऐकायच्या आणि पुढचं काम रंजनला सांगायच्या.

मला आळशी म्हणू नका. आळशी माणसाला काम दिसतच नाही. मला सगळं दिसतं. डब्यातली डाळ निवडायची आहे, उशांचे अभ्रे उसवलेत, लेकीच्या मैत्रिणीच्या आईला भेटायला जायचंय, सगळं दिसतं आणि सगळं छातीवर बसतं. फक्त त्या कामापर्यंत जाताना मध्ये कुठेतरी चहा लागतो.

यात थोडा दोष चिकूचाही आहे, असं मी मानते. आंब्याला हंगाम असतो, भाताला तर असतोच असतो. लावणीची वेळ टळली की टळली, वर्षभर हात चोळत बसा. चिकूचं तसं नाही. एकाच फांदीवर फूलही असतं, वाटाण्याएवढं फळही आणि उतरवायला आलेलंही. आज नाही उतरवलं तर परवा उतरवा, झाड रागावत नाही. नखाने साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं की म्हणायचं, अजून आहे अवकाश. माझं माहेरही वाडीतलंच, बोर्डीच्या बाजूचं. नख लावायचं आणि अवकाश आहे म्हणायचं, एवढं मी पाळण्यापासून शिकले. रंजनने तिच्या माहेरी चिखलात वाकून लावणी केली होती, ढग बघून. ती ढग बघणारी आणि मी नख लावणारी.

हे मी तिला एकदा सांगितलं, तर म्हणाली, "असं काय नसतं वैनी. कंटाळा सगळ्यांनाच येतो. मला पण येतो." मला ते आवडलं नाही. तिला कंटाळा येत नाही, अशी माझी सोय होती. कंटाळा येऊनही ती करते म्हटल्यावर माझ्याकडे काय उरलं?

तर तो हिवाळा. माझी लेक तेव्हा शाळेत होती. सासऱ्यांनी, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो, तलासरीला रस्त्यालगत एक जमिनीचा तुकडा घेतला होता. मोकळं रान, एक विहीर, एक खोली. तिथे चिकू लावायचे आणि पुढेमागे रोपवाटिका काढायची असं त्यांच्या मनात होतं. कलमं बाहेरून आणायला त्यांची तयारी नव्हती. विहिरीवरच्या झाडाचं फळ त्यांना प्यारं होतं, त्याचीच कलमं हवी होती. पाऊस ओसरला तसं त्यांनी रायणीची रोपं मागवली, झाडाभोवती बांबूची माची बांधून घेतली आणि एका सकाळी आम्हा दोघींना बोलावलं.

"पूर्वेची बाजू रंजनची, पश्चिमेची जयूची," बाबा म्हणाले. "जिची कलमं जगतील तिने तलासरीची वाडी बघायची."

हसत म्हणाले, पण बाबा हसत म्हणालेलं बदलत नसत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला ती वाडी हवी होती. इतकं स्वच्छ काही हवं असणं मला त्याआधी आणि नंतरही फारसं माहीत नाही. एका खोलीचं घर, माझ्या हाताने लावलेली झाडं, आणि "रंजन, तेवढं करून टाक गं" असं म्हणणारं कुणी नाही. तिथे काम उशिरा झालं तरी ते माझंच उशिरा झालं असतं.

ज्यांनी भेटकलम बांधलेलं पाहिलं नाही त्यांना चार शब्दांत सांगते. चिकू स्वतःच्या मुळांवर फार रखडतो, म्हणून त्याला रायणीची मुळं द्यायची. रायणीचं रोप कुंडीसकट उचलून माचीवर ठेवायचं, चिकूच्या डहाळीजवळ. दोघांची साल एका बाजूने सोलायची, ओली जखम ओल्या जखमेला लावायची आणि घट्ट बांधून टाकायचं. मग रोज पाणी. दोघं एकजीव झाली की कापायचं: सांध्याच्या वर रायणीचा शेंडा, आणि सांध्याच्या खाली चिकूची डहाळी, तीही एकदम नाही, आज थोडी खाच, काही दिवसांनी आणखी, मग पूर्ण. खाली रायण, वर चिकू. एवढंच लक्षात ठेवायचं असतं.

रंजनने आपली सगळी कलमं त्याच दिवशी बांधली. मी चार बांधली, हाताला चिकूचा चीक लागला, तो काढायला खोबरेल तेल आणायला घरात गेले, तिथे चहा झाला होता. परत आले तर रंजन माझ्या बाजूच्या माचीखाली उभी. "वैनी, राहिलेली मी बांधून टाकते. तुझ्या हाताला तेल लागलंय."

"हात लावायचा नाही माझ्या बाजूला," मी म्हटलं. आवाज चढला होता. ती आपल्या बाजूला निघून गेली.

त्या दिवसापासून मी जी उठले ती माझी मलाच ओळखू येईना. राहिलेली कलमं दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधी बांधली. सकाळी रंजनच्या खोलीची कडी वाजायच्या आत मी विहिरीवर असायचे. गवतावर दव, पाय गार, झारीचं पाणी कुंडीत पडलं की सुकलेल्या मातीतून येणारा वास. सायवनकडून चिकू उतरवायला येणाऱ्या बायका जीपमधून उतरून बघायच्या, तर मोठी सून माचीवर आणि धाकटी अजून केस विंचरते आहे. एकीने दुसरीला कोपराने ढोसलेलं मी पाहिलं आणि दिवसभर तेवढ्यावर जगले.

नुसती कलमंच नाहीत. त्या दिवसांत डाळ निवडली गेली, अभ्रे शिवले गेले, लेकीच्या मैत्रिणीच्या आईला भेटून झालं. एकदा मन पेटलं की ते काम निवडत बसत नाही. आणि पेटलं कशाने होतं? रंजन माझ्या आधी करील, या एका विचाराने. तिचं एकतरी कलम सुकावं म्हणून मी रोज तिकडे बघायचे. बघताना माझ्या कुंड्यांना पाणी जास्त नीट घातलं जायचं.

आता माझी लेक पुण्याहून फोन करते आणि मला उपाय सुचवते. तिने माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी घालून दिलंय. मोबाइलला हात न लावता काम करत राहिलं की पडद्यावर एक झाड वाढतं. मी म्हटलं, बाई गं, घराभोवती एवढी झाडं आहेत ती वाढलेली बघून मला काही झालं नाही, हे चित्रातलं झाड मला काय हलवणार? कामाचे लहान तुकडे पाडा म्हणतात, तेही करून पाहिलं. तुकडे पाडले आणि ते तुकडे राहिले. अवघड काम सकाळी आधी करा म्हणतात. सकाळी आधी मी त्या अवघड कामाचा विचार करते, त्यात दुपार होते. कुठल्याही उपायाने मला त्या हिवाळ्यासारखं पहाटे अंथरुणातून काढलं नाही. मत्सर वाईट म्हणतात. असेल. पण मला वेळेवर उठवणारा तोच एक भेटला.

बाबा अधूनमधून येऊन सांध्यांवर अंगठा फिरवायचे. एक दिवस म्हणाले, "दोघींची धरलीत." माझ्याकडे जरा जास्त वेळ बघून म्हणाले, "जयू, तुझीसुद्धा." त्या 'सुद्धा'चा राग यायला हवा होता. मी मात्र मनात तलासरीच्या खोलीला पडदे लावून मोकळी झाले.

आणि इथेच घात झाला. धरलीत म्हटल्यावर माझ्यातली जुनी बाई परत आली. आता काय, जगलीच आहेत, काप देऊ सावकाश. त्यात चिकूचा भर सुरू झालेला. दिवसभर पाट्या, धुणं, निवडणं, मोठं फळ वेगळं, बारीक वेगळं. रंजनने आपल्या कलमांना पहिली खाच दिली, दुसरी दिली. मी रोज म्हणायचे, उद्या. सुतळी सालीत रुतायला लागली होती हे मला दिसत होतं. सांगितलं ना, मला सगळं दिसतं.

मग एका दुपारी मी ओसरीवर पाठ टेकून पडले होते तेव्हा रंजन चाकू पुसत आली. "वैनी, तुझ्या कलमांना काप द्यायचाय ना? दोरी रुतते आता. चालो, मी देऊन टाकते. तू पड."

तू पड. अगदी मायेने म्हणाली. ते ऐकून माझ्या डोक्यात जे गेलं ते आजही आठवलं की कान तापतात. तिच्या हातातला चाकू मी जवळजवळ हिसकावला. तरातरा विहिरीवर गेले, माचीवर चढले आणि सुरुवात केली. खाच नाही, दोन हप्ते नाहीत, एकदम. एक झालं, दुसरं झालं, हात असा चालत होता की मला वाटलं, बघा, ही बघा मी, हिच्यापेक्षा भरभर. रांग संपली. शेवटची कुंडी उचलायला गेले तर ती फारच सहज उचलली गेली. कुंडीत रायणीचा बोटभर खुंट होता. वर फांदीला चिकूचा शेंडा नव्हता, तो खाली पडला होता, आणि त्या जागी रायणीची पानं वाऱ्यावर हलत होती.

मी उलटं कापलं होतं. सगळीच. सांध्याच्या खाली रायण कापली आणि वर चिकू. कलमं कुंडीत यायच्या ऐवजी चिकूच्या झाडावर रायणीचे शेंडे बसवून मी मोकळी झाले होते.

बाबा आले, वर बघितलं, आणि ठसका लागेपर्यंत हसले. "अगं जयू, झाडालाच रायण बांधलीस तू." सासूबाई हसल्या. माझा नवरा हसला, दीर हसले. पाट्यांवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकटी रंजन हसली नाही. रात्रीच्या भाकऱ्या थापताना हळूच म्हणाली, "वैनी, माझ्या कलमांतली अर्धी तुझी म्हणून सांगू बाबांना? दोघी मिळून बघू तलासरीचं."

ती हसली असती तर मी तिला कधीच माफ केलं असतं. मी म्हटलं, "नको, तूच जा," आणि भाकरी उलटली. पुढच्या पावसाआधी रंजन आणि दीर तलासरीला राहायला गेले. तिची कलमं टेम्पोत भरली तेव्हा मी पाट्या निवडत बसले होते आणि एकही फळ माझ्या हाताला बरोबर लागत नव्हतं.

त्या खोलीचं आता घर झालंय, रानाची वाडी झालीय आणि रस्त्यावर रोपवाटिकेची पाटी आहे. गुजरातच्या गाड्या थांबतात, रंजन त्यांच्याशी गुजरातीत बोलते, सरकारी कचेरीत मराठीत आणि कामावरच्या बायकांशी त्यांच्या बोलीत. आताशा बचत गटाच्या बायकांना ती रोज दुपारी मोबाइलवर बोलून पाठवते. मलाही त्या गटात घातलंय. "ताईंनो, जे काम आठवलं ते तिथल्या तिथे. उद्या नाही, आत्ता." मी अंगणात खाटेवर पडून ते ऐकते. शेवटपर्यंत ऐकते, मग परत लावते. कुठे चुकते का बघते.

मागे एकदा तिच्याकडे गेले होते. ती मागच्या दारी रोपांचं गिऱ्हाईक बघत होती तेवढ्यात मी तिच्या स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. खालचं, ओट्याखालचं. तिथे तरी पसारा असतो प्रत्येक बाईचा. डबे एका रांगेत होते. मला वाटलं फडकी तरी बोळा करून कोंबली असतील. फडकी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली होती. मी कपाट लावलं आणि तिने केलेला चहा प्यायले. चहासुद्धा चांगला होता.

मला तिच्यासारखं व्हायचंय असं नाही. एकदा तरी तिचं काहीतरी राहावं, एवढंच हवंय. दूध उतू जावं, कुणाच्या लग्नाला ती अक्षता पडून गेल्यावर पोचावी, आणि मी दारात उभी राहून म्हणावं, "असू दे गं रंजन, होतं असं."

झाडावरचे ते रायणीचे शेंडे पहिल्या वर्षी छाटायचे ठरले होते. छाटणी माझ्याकडे होती. तेव्हा बाकीचे हाताशी आले ते छाटले, एक जरा उंचावर होता, शिडी लागणार होती. म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी शिडी कुणीतरी नेली होती. बाबा असेपर्यंत दर पावसाळ्यात विचारायचे, "जयू, ती रायण राहिली का गं?" आणि मी म्हणायचे, "काढते ना." बाबा गेले, सासूबाई गेल्या. तो शेंडा डहाळी झाला, डहाळीची फांदी झाली, आणि यंदा तिला फळ आलं. आमच्या घरात माझ्या न झालेल्या कामाला आलेलं हे पहिलं फळ.

माझ्या नवऱ्याने कौतुकाने फोटो काढला आणि घरच्या गटावर टाकला. तासाभरात रंजनचा फोन.

"वैनी, कमाल केलीस तू. खरंच. ऐक, बी टाकू नकोस हां. रायणीचं बी मिळत नाही आता, झाडंच राहिली नाहीत कुठे. पण ते ताजं पेरावं लागतं, ठेवलं की गेलं. तू काही करू नकोस, मी रविवारी येते. फळं उतरवून, बी काढून, पेरून टाकते. माती, पिशव्या सगळं आणते इथून."

"मी करते ना," मी म्हटलं.

ती हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "राहू दे गं. तुझं मला माहीत आहे ना."

फोन खाटेवर ठेवला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. रविवारी ती येईल, पदर खोचेल, शिडी लावेल, आणि संध्याकाळपर्यंत माझी रायण तिच्या पिशव्यांमध्ये पेरलेली असेल. रोपं छान वाढतील. दोनेक वर्षांनी त्यांच्यावर तिच्या वाडीतल्या बायका चिकू बांधतील, आणि रंजन सगळ्यांना मोठ्या मनाने सांगेल की हे बी आमच्या वैनीच्या झाडाचं. ते ती नक्की सांगेल. तेवढंच मला सोसणार नव्हतं.

मी उठले. मध्ये चहा लागला नाही. शिडी गोठ्यामागे होती. मी या वयात शिडीवर चढलेली पाहून माझा नवरा पेपर हातात धरून धावत आला. म्हणाला, "अगं, रविवारी रंजन येतेय ना?" मी म्हटलं, "म्हणूनच. शिडी धर." त्याने धरली.

फळं उतरवली. काही खाल्ली, खाल्ल्याशिवाय बी निघत नाही हे माझं कारण. दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवलेल्या होत्या, कधीतरी कामाला येतील म्हणून, तशा माझ्याकडे पुष्कळ गोष्टी कधीतरीसाठी ठेवलेल्या असतात. त्यांना विळीच्या टोकाने भोकं पाडली. विहिरीकाठची माती, कुजलेलं शेण, थोडी रेती. बिया काळ्या, गुळगुळीत, बोटांतून निसटणाऱ्या. एकेक बी आडवी ठेवून वर माती लोटत गेले. बोर्डीच्या बाजूने वारा आला, ऊन कलतं झालं, मागे रेल्वेच्या फाटकातून गुजरातची गाडी गेली. माझे हात कोपरापर्यंत मातीचे आणि ओठ रायणीने चिकटलेले. आतून तोच त्या हिवाळ्यातला जाळ लागला होता, आणि खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

ही रोपं कलमाजोगी होतील तेव्हा ती कुणाला द्यायची ते मी ठरवीन. रंजनला देईन बहुतेक. मोजून देईन आणि पिशवी तिच्या हातात ठेवताना तिच्याकडे बघीन.

अर्ध्या पिशव्या भरून झाल्या असतील तेव्हा खाटेवर मोबाइल वाजला. माझा नवरा बघून आला. "रंजन आहे. रविवारी किती वाजता येऊ विचारतेय. देऊ का?"

मी पुढची पिशवी ओढली. ओठ सोडवायला जरा वेळ लागला.

"तिला म्हणावं, कामात आहे," मी म्हटलं. "तिचं उद्या बघू."